चूल रस्त्यावर मांडलेलं शहर

एप्रिल १९०६ च्या तिसऱ्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य पोस्टात जी पत्रं येऊन पडली, त्यांतल्या पुष्कळांना पाकीट नव्हतं, तिकीट नव्हतं, काहींना तर धड कागदही नव्हता. कोणी शर्टाची कडक कॉलर काढून तिच्यावर पेन्सिलीनं पत्ता लिहिला होता. कोणी वर्तमानपत्राची कोरी कड फाडून घेतली होती, कोणी पुठ्ठ्याचा तुकडा, कोणी चिंधी. मजकूर बहुतेकांचा सारखाच, आम्ही जिवंत आहोत एवढाच. पोस्टाच्या लोकांनी छावण्यांमधून फिरून सांगितलं होतं की तिकीट नसलं तरी चालेल, पत्ता तेवढा वाचता आला पाहिजे. ती सगळी पत्रं फुकट रवाना झाली आणि देशभर पोचली.

हे पोस्ट वाचलं त्याचीही एक हकिकत आहे. मिशन स्ट्रीट आणि सातवा रस्ता यांच्या कोपऱ्यावरची ही दगडी इमारत भूकंपात तडकली, आजूबाजूची जमीन खचली. मग आग जवळ आली. इमारत सोडून निघा असं सांगण्यात आलं, तरी दहाएक कर्मचारी आत थांबले. त्यांनी टपालाच्या रिकाम्या पिशव्या पाण्यात भिजवल्या आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या ज्वाळा त्या ओल्या पिशव्यांनी झोडपून विझवल्या. शहरात त्या दिवशी जनरल होते, महापौर होते, डायनामाइटनं भरलेल्या गाड्या होत्या. मला मात्र या प्रसंगाचा विचार करताना सर्वांत आधी ते भिजलेल्या पिशव्या घेऊन उभे असलेले टपाल कारकून आठवतात.

भूकंप झाला तो बुधवारी, १८ एप्रिलला, पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी. आधी एक धक्का, काही सेकंदांची उसंत आणि मग जेमतेम मिनिटभर चाललेलं थैमान. सॅन अँड्रियास नावाची जमिनीतली मोठी भेग उत्तर-दक्षिण सुमारे ४७० किलोमीटर लांबीवर सरकली. शहराच्या उत्तरेला पॉइंट रेयेसजवळ एक रस्ता मधोमध तुटून त्याचा एक भाग दुसऱ्यापासून २० फुटांच्या आसपास बाजूला गेला. शहरात सगळ्यांत वाईट अवस्था झाली ती भराव टाकून केलेल्या जमिनीची. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला जुन्या दलदली बुजवून त्यावर मजुरांसाठी स्वस्त लाकडी खाणावळी आणि भाड्याच्या खोल्यांची हॉटेलं दाटीवाटीनं उभी होती. व्हॅलेन्शिया स्ट्रीटवरचं चार मजली हॉटेल असं खाली बसलं की वरचा मजला रस्त्याच्या पातळीला आला. सव्वीस-सत्तावीस वर्षं बांधकाम चाललेल्या सिटी हॉलच्या भिंती ढासळल्या आणि घुमटाचा पोलादी सांगाडा नुसता उभा राहिला.

तरीही त्या सकाळी सहा वाजता शहराचा बराचसा भाग उभा होता. तो गेला पुढच्या तीन दिवसांत, आगीत.

शहराला पाणी देणारी संस्था खाजगी होती. दक्षिणेकडच्या तलावांतून येणारे तिन्ही मोठे नळ भूकंपात फुटले आणि शहरातले लहान नळ शेकडो ठिकाणी तुटले. अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन झोपेत असतानाच शेजारच्या हॉटेलचं धुराडं त्यांच्या ठाण्यावर कोसळलं. जबर जखमी झालेले सलिव्हन चार दिवसांनी वारले. ज्या माणसानं वर्षानुवर्षं पाण्याच्या टाक्या दुरुस्त करा म्हणून आग्रह धरला होता, तोच नेमका त्या दिवशी नव्हता. विमा कंपन्यांच्या तज्ज्ञांनी सहाच महिने आधी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, हे शहर आतापर्यंत जळालं नाही हेच आश्चर्य आहे अशा अर्थाचा अहवाल दिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही.

सकाळी दहाच्या सुमारास हेज व्हॅली भागात एका घरात बाईनं न्याहारीसाठी चूल पेटवली. नवरा-मुलं उपाशी, घर शाबूत, रोजची वेळ झालेली. कोणतीही बाई हेच करेल. पण धुराडं भूकंपात आतून चिरलं होतं. ठिणग्या भिंतीत शिरल्या, घर पेटलं आणि त्या एका चुलीतून निघालेल्या आगीनं वाऱ्याच्या जोरावर कित्येक गल्ल्या, उरलासुरला सिटी हॉल आणि जखमींचं तात्पुरतं इस्पितळ झालेला मोठा मंडप गिळला. जखमींना ऐन वेळी तिथून हलवलं म्हणून ते वाचले. शहरानं या आगीला त्या न्याहारीचंच नाव दिलं, ‘हॅम अँड एग्ज’ आग. नावात त्या बाईला टोमणा आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. धुराडी तपासल्याशिवाय चूल पेटवू नका हे तिला सांगायला तोवर कोणीच आलं नव्हतं.

ब्रिगेडियर जनरल फ्रेडरिक फन्स्टन यांनी कोणाच्या हुकमाची वाट न पाहता सकाळी सातच्या सुमारास प्रेसिडिओसारख्या लष्करी तळांवरून सैनिक रस्त्यावर आणले. लष्करी कायदा कधीच जाहीर झाला नाही, पण महापौर युजीन श्मिट्झ यांनी लुटारूंना जागच्या जागी ठार मारण्याची मुभा देणारा जाहीरनामा काढला. असा अधिकार त्यांना कायद्यानं नव्हता. किती जण त्यात मारले गेले आणि त्यांतले किती आपल्याच पडक्या घरातून सामान काढत होते, याचा हिशेब नीट लागलेला नाही. आग अडवण्यासाठी घरं सुरुंगानं उडवली गेली. हे काम जाणणारी माणसं थोडी होती आणि काही ठिकाणी वापरलेल्या बंदुकीच्या दारूनं उलट नव्या आगी लावल्या. शेवटी व्हॅन नेस या रुंद रस्त्यावर पश्चिमेकडे जाणारी आग थांबली. मिशन भागात, विसावा रस्ता आणि चर्च स्ट्रीटच्या चढावर, एका नळखांबाला अजून पाणी होतं. लोकांनी बंब हातांनी ढकलत चढावर नेला आणि तो भाग वाचवला. त्या नळखांबाला आजही दर १८ एप्रिलला पहाटे सोनेरी रंग देतात.

शनिवारी आग विझली तेव्हा सुमारे ५०० गल्ल्या आणि २८,००० इमारती गेल्या होत्या. चार लाख वस्तीच्या शहरात सव्वादोन लाख माणसं बेघर झाली होती. आणि लगेच पाऊस पडला. आगीला जो दोन दिवस आधी हवा होता, तो पाऊस आता उघड्यावर झोपलेल्या माणसांच्या अंगावर पडला.

यापुढचं वाचताना मला आपल्या भाषेतला एक शब्द सारखा आठवत राहतो. आपण संसार थाटण्याला चूल मांडणं म्हणतो, भाऊ वेगळे झाले तर चुली वेगळ्या झाल्या म्हणतो, घरात अन्न नसेल तर चूल पेटली नाही म्हणतो. सॅन फ्रान्सिस्कोत एप्रिल १९०६ नंतर काही महिने एकाही घरात तपासणीशिवाय चूल पेटवायला परवानगी नव्हती. धुराडं तपासून दाखला मिळेपर्यंत आत जाळ करायचा नाही, असा हुकूम होता. ज्यांची घरं जळाली त्यांनाच नव्हे, ज्यांच्या घराची एक काचही फुटली नव्हती त्यांनाही. त्यामुळे शहरानं आपल्या चुली उचलून फुटपाथच्या कडेला आणल्या.

त्या काळचे फोटो पाहिले की हे दृश्य डोळ्यांसमोर उभं राहतं. उतरत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, घरासमोर एक या हिशेबानं, लोखंडी शेगड्यांची ओळ. तीन बाजूंना आडोसा, त्यासाठी घरातलं दार काढून आणलेलं, खिडकीची झडप, पडदा, जाजम, जे मिळेल ते. वर पत्र्याचा तुकडा आणि त्यातून बाहेर काढलेलं वाकडं नळकांडं. जवळ पाण्याची बादली, कारण पाणी गाडीवरून किंवा दूरच्या विहिरीवरून आणायचं. या शहरात दुपारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो, उन्हाळ्यातही. तो वारा जळक्या गल्ल्यांची राख उडवत यायचा आणि ती भांड्यात पडायची. ज्या घरांत चिनी आचारी स्वयंपाक करत असत, त्या घरांतल्या बाया फर कोट घालून फुटपाथवर बटाटे परतत होत्या. शेजारच्या चुलीवर त्यांचीच धुणंवाली असायची. काही चुलींवर लोकांनी थट्टेनं मोठमोठ्या हॉटेलांची नावं लिहिलेले फलक टांगले होते. आठवणी लिहिणाऱ्या अनेकांनी या दिवसांबद्दल आपुलकीनं लिहिलं आहे. एवढी वर्षं शेजारी राहून ओळख नव्हती, ती चुलीवर झाली, असा सूर त्यांत सापडतो. तो खोटा नाही. पण ज्यांची घरं मागे उभी होती, त्यांनाच ही चूल चार दिवसांची मौज वाटू शकत होती.

रात्र मात्र सगळ्यांचीच सारखी होती. जमीन अजून थांबली नव्हती. चार वर्षांचा ॲन्सेल ॲडम्स घरच्या बागेत असताना नंतरच्या एका धक्क्यानं भिंतीवर आपटला आणि त्याचं नाक मोडलं. पुढे अमेरिकेचा थोर छायाचित्रकार झालेल्या या माणसाचं नाक जन्मभर वाकडं राहिलं. भिंती धड असूनही माणसं आठवडेच्या आठवडे बागेत, मैदानात, दफनभूमीत झोपली. किल्लारीच्या भूकंपानंतर ज्यांनी पत्र्याच्या शेडसमोर उघड्यावर खाटा टाकून रात्री काढल्या, त्यांना याचं कारण समजावून सांगायला नको.

खाण्याची व्यवस्था लष्कराकडे आली आणि लष्कराचा तिथला मुख्य अधिकारी होता मेजर जनरल अडॉल्फस ग्रीली. हा माणूस १८८१ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर गेला होता. बर्फात अडकून त्याच्या २५ जणांच्या तुकडीतले बहुतेक उपासमारीनं आणि थंडीनं मेले. तीन वर्षांनी मदत पोचली तेव्हा ग्रीलीसह सात जण जिवंत होते, त्यांतला एक पुढे वाटेत गेला. भूक म्हणजे काय ते ज्यानं शरीरानं अनुभवलं होतं, त्याच्या हाताखाली सॅन फ्रान्सिस्कोत एप्रिलअखेर दिवसाला तीन लाखांहून अधिक माणसांना शिधा वाटला जात होता. सुरुवातीला रांगेत बँकेचा मालक आणि हमाल पुढेमागे उभे असत. सगळे एका रांगेत आले, हे तेव्हाच्या प्रत्येक वर्णनात अभिमानानं सांगितलेलं आहे.

ती रांग फार दिवस टिकली नाही. मदत समितीचा हिशेब असा होता की आयतं मिळत राहिलं तर माणसं आळशी होतील. म्हणून कच्चा शिधा झपाट्यानं कमी झाला, त्याऐवजी तिकिटावर शिजवलेलं अन्न देणारी केंद्रं आली आणि दोन-तीन महिन्यांत लाखांची संख्या काही हजारांवर आणली गेली. देशभरातून मदत म्हणून पीठ आलं होतं. त्यातलं बरंचसं खराब होईल म्हणून समितीनं विकायला काढलं. त्या उन्हाळ्यात छावण्यांमधल्या बायका मोर्चा घेऊन गेल्या आणि आमच्यासाठी आलेलं पीठ आम्हाला द्या म्हणाल्या. त्यांना शिजवलेलं अन्न नको होतं, पीठ हवं होतं. आपल्या हातानं भाजलेली भाकरी आणि तिकीट दाखवून ताटात पडलेलं अन्न यांतला फरक समितीतल्या सद्गृहस्थांना कळला नाही, आपल्याकडच्या कोणत्याही बाईला तो लगेच कळेल.

पैशाच्या मदतीचंही तसंच. जळक्या भागात स्वतःची जागा असलेल्याला घर बांधायला खर्चाच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त ५०० डॉलर, बक्षीस म्हणून मिळत. ज्याची जागा नव्हती, जो भाड्याच्या खोलीत राहत होता, त्याला आधी आपण मदतीला पात्र आहोत हे सिद्ध करावं लागे. घरी येऊन चौकशी करणारे लोक होते, फॉर्म होते, चांगल्या वागणुकीबद्दल प्रश्न होते. ज्यांच्यापाशी आधी होतं त्यांना ते परत मिळवायला हात देण्यात आला. भूकंपात गेलेलं सगळ्यांचं होतं आणि मदत मात्र भूकंपाआधीच्या ऐपतीप्रमाणे झाली, हे माझं मत मी इथं स्पष्ट लिहितो.

पावसाळी थंडीच्या आत काहीतरी छप्पर हवं म्हणून सप्टेंबरपासून लाकडी खोपट्या उभारायला सुरुवात झाली. एकूण ५,६१० बांधल्या गेल्या. सगळ्यांत लहान होती १० फूट बाय १४ फूट. आपल्या चाळीतल्या एका खोलीएवढी, त्यात पाच-सहा माणसं. बाहेरून हिरवा रंग, बागेतल्या बाकांना असतो तसा, आत रंगाशिवाय नुसत्या फळ्या. बागांमध्ये, चौकांत त्यांच्या सरळ रांगा लागल्या. महिन्याला दोन डॉलर भरायचे, तेच हप्ते धरून ५० डॉलर पुरे झाले की खोपटी तुमची. पण बागा रिकाम्या करायच्या होत्या, तेव्हा ती उचलून आपल्या जागेवर न्यायची. १९०७ च्या उन्हाळ्यात शहराच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या गाड्यांवर चढलेली घरंच्या घरं हलताना दिसत होती. काहींनी दोन-तीन खोपट्या एकमेकींना जोडून खरं घर केलं. ज्या कुटुंबांनी आयुष्यभर भाडं भरलं होतं, त्यांतल्या अनेकांचं पहिलं मालकीचं घर हेच. एका बाईनं मात्र भाडं द्यायचं नाकारलं. हा दानाचा पैसा आहे, मग भाडं कसलं, असं तिचं म्हणणं होतं. ती आत असतानाच अधिकाऱ्यांनी खोपटी गाडीवर चढवून दुसऱ्या छावणीत नेली आणि तिच्या डोक्यावरच्या फळ्या एकेक करून काढल्या. शेवटची छावणी १९०८ च्या जूनअखेर बंद झाली. त्या हिरव्या खोपट्यांतल्या काही अजून शहरात आहेत, नव्या भिंतींच्या आत दडलेल्या. दोन प्रेसिडिओत जपून ठेवल्या आहेत.

चिनी लोकांना मात्र यातलं फारच थोडं मिळालं. चायनाटाउन पूर्ण जळालं. तिथून निघालेल्या माणसांना एका जागी टेकू दिलं नाही. आधी एका भागात, मग शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून दुसरीकडे, मग प्रेसिडिओच्या गोल्फच्या मैदानावर, तिथूनही तक्रार आली म्हणून समुद्राजवळ, वाऱ्याच्या तोंडावर. इकडे त्यांच्या जळक्या घरांत लोक जाऊन चिनी मातीची भांडी आणि पितळी वस्तू उचलून नेत होते. ज्यांना ठार मारण्याचा जाहीरनामा होता त्या लुटारूंत हे धरले गेले नाहीत. शहराच्या पुढाऱ्यांनी एक समिती नेमली आणि चिनी वस्ती कायमची शहराच्या टोकाला, हंटर्स पॉइंटला हलवायचं ठरवलं. शहराच्या मधली ती जागा फार मोलाची होती.

त्यावर चिनी वकिलातीच्या अधिकाऱ्यानं गव्हर्नरला भेटून सांगितलं की आमच्या वकिलातीची जागा चायनाटाउनमध्ये आमच्या मालकीची आहे आणि आम्ही ती तिथंच बांधणार. व्यापाऱ्यांनी दुसरी बाजू धरली. आम्ही गेलो तर पूर्वेकडचा व्यापार आणि त्याचा कर दुसऱ्या बंदराला जाईल. ज्या गोऱ्या घरमालकांच्या जागा चिनी भाडेकऱ्यांकडे होत्या, त्यांना भाडं हवं होतं. योजना बारगळली. लुक टिन इलाय या व्यापाऱ्यानं गोऱ्या वास्तुविशारदांकडून पॅगोडाच्या छपरांच्या इमारती बांधून घेतल्या, जेणेकरून गोरे लोक इथं हौसेनं पाहायला येतील आणि पुन्हा कोणी आम्हाला उठवायचं नाव काढणार नाही. आज पर्यटक ज्या चायनाटाउनचे फोटो काढतात ते १९०६ नंतरचं आहे, आणि ती छपरं म्हणजे त्या माणसांनी आपल्या जागेवर ठोकलेला हक्क आहे.

शहराचं दप्तरही जळालं होतं. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी होती, पण अमेरिकेत जन्मलेल्याला आणि त्याच्या मुलाला येता येई. जन्माच्या नोंदी राख झाल्यावर अनेकांनी आपण इथंच जन्मलो असं शपथेवर सांगितलं आणि मग चीनमधून मुलगे आणले. काही खरे, काही कागदावरचे. १९१० पासून खाडीतल्या एंजल बेटावर त्यांच्या उलटतपासण्या होऊ लागल्या. गावात घराला किती पायऱ्या, विहीर कोणत्या दिशेला, शेजाऱ्याला किती मुलं. मुलं बोटीवर उत्तरं पाठ करत येत आणि पाठ झाल्यावर कागद समुद्रात टाकत. अनेक कुटुंबांत खरं आडनाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं नाही. एका भूकंपानं माणसांची नावं अशीही बदलली.

मग उंदीर आले. फुटलेली गटारं, ढिगारे, छावण्यांतला कचरा, त्यांना आणखी काय हवं होतं? मे १९०७ मध्ये शहरात प्लेगचा रुग्ण सापडला. सॅन फ्रान्सिस्कोनं १९०० मध्ये प्लेग पाहिला होता. तेव्हा चायनाटाउनभोवती दोर बांधून फक्त चिनी माणसांना आत कोंडलं होतं आणि गव्हर्नर तर प्लेग नाहीच म्हणत होता. यावेळी रोग गोऱ्या वस्त्यांत आणि हिरव्या खोपट्यांत होता आणि या सात वर्षांत एक गोष्ट बदलली होती. तिचा धागा थेट आपल्या मुंबईशी जोडलेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग ओळखला तो मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी. पुढची काही वर्षं मुंबई-पुण्यानं काय सोसलं, घरात घुसून झालेल्या तपासण्या, जाळलेलं सामान, रँडचा वध, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तेव्हा सरकार घाण, हवा आणि माणसं यांच्या मागे लागलं होतं, कारण रोग पसरतो कसा हेच नक्की ठाऊक नव्हतं. त्यानंतर परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाच्या मंडळींनी प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. जमिनीवर मोकळे सोडलेले मरत. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले जगत. उंदराच्या अंगावरची पिसू हीच दूत, हे मुंबईत पक्कं झालं. सॅन फ्रान्सिस्कोत मोहिमेचे प्रमुख रूपर्ट ब्लू यांनी माणसं कोंडली नाहीत, उंदीर मारले. मारलेल्या उंदरांना बक्षीस लावलं, लाखाच्या वर उंदीर प्रयोगशाळेत फाडून पाहिले, तळघरांना सिमेंट केलं, कचऱ्याला झाकणाचे डबे लावले आणि लोबोस चौकातल्या छावणीत खोपट्या जमिनीपासून उचलून खाली मोकळी जागा ठेवली. परळचा उंचावरचा पिंजरा आणि ती उचललेली खोपटी यांत एकच ज्ञान आहे. त्या साथीत सुमारे १६० रुग्ण झाले, त्यांतले निम्म्याच्या आसपास दगावले. मुंबईत याच रोगानं जे झालं त्यापुढे हा आकडा लहान आहे, आणि तो लहान राहण्यामागे मुंबईच्या मेलेल्यांचाही वाटा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या इतिहासात ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

एवढं सगळं होत असताना शहर एक शब्द हळूहळू टाळायला लागलं होतं. विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हता. घर आधी पडलं आणि मग जळालं असेल तर पैसे बुडण्याची भीती. पडकी घरं मालकांनीच पेटवल्याच्या बातम्या लष्कराच्या लोकांनी नोंदवल्या आहेत. काही कंपन्या बुडाल्या, काहींनी डॉलरमागे पाऊण डॉलर दिला. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातले कथबर्ट हीथ यांनी आपल्या ग्राहकांना अटी न पाहता पूर्ण पैसे द्यायला तारेनं कळवलं, म्हणून त्यांचं नाव अजून घेतात. पण विम्यापेक्षा मोठी काळजी पुढची होती. आग कोणत्याही शहरात लागते, जमीन मात्र इथलीच हलते, मग भांडवल कोण घालणार? घटनेला आठवडा होतो न होतो तोच जमीन-घरांच्या व्यापाऱ्यांच्या मंडळानं ठराव केला की यापुढे भूकंप म्हणायचं नाही, महाआग म्हणायचं. फोटोंमधल्या तडकलेल्या इमारती रंगवून धड केल्या गेल्या. भूकंपाची शास्त्रीय चौकशी करायला राज्यानं अँड्र्यू लॉसन यांच्या हाताखाली आयोग नेमला, पण पैसे दिले नाहीत. ते कार्नेगी संस्थेनं दिले. या आयोगामुळेच हॅरी रीड यांनी जमीन ताणली जाऊन एकाएकी तुटते आणि झटक्यानं सैलावते हा सिद्धान्त मांडला. आज जगभर भूकंपाचं शिक्षण तिथून सुरू होतं.

टोकियोहून भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी पाहणीसाठी आले. पडक्या शहरात मोजमाप घेत असताना त्यांच्यावर पोरांनी दगड मारले, टोपी उडवली. जपान त्या वेळी परदेशांतून आलेल्या मदतीत सगळ्यांत पुढे होतं, बाकी सगळ्या देशांची मिळून होईल त्याहून जास्त रक्कम एकट्या जपानची. त्याच वर्षी ऑक्टोबरात शहराच्या शाळा मंडळानं जपानी मुलांना वेगळ्या शाळेत पाठवायचा हुकूम काढला.

इमारती मात्र भराभर उठल्या. तीन वर्षांत सुमारे वीस हजार. डॅनियल बर्नहॅम यांनी भूकंपाआधी तयार केलेला रुंद रस्त्यांचा आराखडा बाजूला पडला आणि लोकांनी जुन्याच रेघांवर घरं बांधली. १९१५ मध्ये शहरानं मोठं जागतिक प्रदर्शन भरवलं. त्यासाठी किनाऱ्यावरची खाजण भरून जमीन केली, लोबोस चौकाच्या शेजारीच. १९०६ मध्ये भरावानं काय केलं होतं हे सांगणारा शब्दच तोवर वापरातून गेला होता. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात शहरातली सर्वांत जास्त पडझड ज्या भागांत झाली, त्यांत हीच भरावाची जमीन होती.

मेलेल्यांचा आकडा अधिकृत कागदांत पाचशेच्या आत राहिला. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेच्या हॉटेलांत राहणारे, ज्यांचं नाव फक्त मालकाच्या वहीत होतं आणि ती वही मालकासकट जळाली, ते यात नव्हते. चायनाटाउनमधले जवळपास नव्हतेच. नंतर जखमांनी, आजारानं, निराशेनं गेलेले नव्हते.

१९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्लॅडिस हॅन्सन नावाच्या ग्रंथपालबाई होत्या. लोक येऊन विचारत, भूकंपात गेलेल्यांची यादी आहे का, आमचे आजोबा त्यात आहेत का? त्यांनी शोधलं तर यादीच नव्हती. मग त्यांनी ती करायला घेतली. जुनी वर्तमानपत्रं, दफनाच्या नोंदी, इस्पितळांची दप्तरं चाळली आणि वंशावळी ठेवणाऱ्या मंडळांना देशभर पत्रं लिहिली. उत्तरं यायला लागली. आमची आजी सांगायची की तिचा भाऊ तिकडं होता, त्याच्याकडून नंतर काही कळलं नाही. आमच्या घरात एक काका होता, त्याचं नाव अमुक. साठ वर्षांपूर्वी त्या शहरातून तिकीट न लावता पत्रं निघाली होती ती जिवंत असलेल्यांची. आता उलट्या दिशेनं, तिकीट लावून, मेलेल्यांची नावं येत होती. हॅन्सनबाईंनी ती एकेक करून कार्डावर उतरवली. २००५ मध्ये नगरमंडळानं जुना आकडा चुकीचा असल्याचं मान्य केलं. हॅन्सनबाई २०१७ मध्ये, ९१ व्या वर्षी वारल्या. त्यांची यादी तोवर तीन हजारांच्या पुढे गेली होती.